ओळखफट

बत्तीस वर्षांच्या संसारात सुलाबाई वायदंड्यांनी नवऱ्याला कधी नावानं हाक मारली नव्हती, आणि गाव म्हणतं तसं 'मास्तर'ही कधी म्हटलं नव्हतं. 'अहो' एवढ्यावर सगळं भागायचं. रागात तो 'अहो' चुलीपासून रस्त्यापर्यंत लांबायचा, लाडात अर्ध्यावरच तुटायचा. त्यामुळे सोमवारी सकाळी स्वयंपाकघरातून "मास्तर, चहा घेणार का?" असं ऐकू आलं, तेव्हा दौलत मास्तरांनी आधी दाराकडं पाहिलं. कुणी पाहुणी आली असावी, असं त्यांना वाटलं.

पाहुणी नव्हती. सुलाबाईच उभ्या होत्या. कप बशीत, बशी दोन्ही हातांत, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला. परक्या माणसाला चहा देतात तशा.

"काय गं, थट्टा करायलीस व्हय?"

"थट्टा कसली? साखर बेतानं टाकलीय. कमी वाटली तर सांगा."

मास्तरांचा हात कपावरच थबकला. सहा वर्षांपासून त्यांना मधुमेह होता. त्यांच्या चहात दाणा पडू नये म्हणून साखरेचा डबा कुलपात ठेवणारी बाई हीच.

रस्त्यावरून कुणाची तरी गाडी 'टपावरची पेटी' वाजवत गेली. सुलाबाईंनी मान डोलावली आणि त्याच चालीत गुणगुणत त्या आत वळल्या.

ते गाणं मास्तरांच्याच नवजीवन ब्रास बँडचं होतं. म्हणजे होतं दुसऱ्याचं, वाजवलं होतं यांनी. मूळ गाणं चाळीसेक वर्षांपूर्वीच्या एका सिनेमातलं. एक पोरगी एस्टीच्या टपावर लुगड्यांची पेटी चढवून चहा प्यायला उतरते, गाडी सुटते, आणि ती गाडीमागं पळत पळत तीन कडवी म्हणते. पळताना एवढा दम कुठून आणते, हे विट्यात कुणी कधी विचारलं नाही. सिनेमा आठवड्यात उतरला, गाणं मात्र लोकांच्या तोंडी बसलं.

त्या गाण्यासाठी चार महिन्यांपूर्वी पुण्याहून डॉ. वेदांगी टिपणीस विट्याला आल्या होत्या. मेंदू आणि आवाज यांचं नातं शोधणाऱ्या एका प्रयोगशाळेत त्या काम करायच्या. वय असेल पस्तीसचं, आणि बरोबर जेवणाच्या डब्याएवढं एक यंत्र. त्याचं नाव सुरजोड.

"लोक दुसऱ्याचं गाणं पुन्हा का वाजवतात, आणि मूळ गाणं हाताशी असताना ऐकणाऱ्यांना हे दुसरं का आवडतं, ते मला शोधायचंय," त्या म्हणाल्या होत्या. "ब्रास बँडवाले हेच काम शंभर वर्षं करताहेत. म्हणून तुमच्याकडं आले."

रसूल मुजावर हसला होता. हा बँडचा ट्रम्पेटवाला, मास्तरांचा शाळेपासूनचा दोस्त. "त्यात शोधायचं काय, मॅडम? घोड्यावरचा नवरदेव घाबरलेला असतोय. त्याला ओळखीचं गाणं लागतंय, म्हंजे धीर येतोय. पण हे माझ्याच वरातीसाठी केलंय, असंबी वाटाय पायजे. निम्मं त्याचं, निम्मं आमचं. असं दिलं की वऱ्हाड नाचतंय."

वेदांगीबाईंनी टाळीच दिली होती. "माझा अख्खा प्रबंध एवढाच आहे! ओळखीचं गाणं सुरू झालं की मेंदू पुढचा सूर आधीच ऐकून बसलेला असतो. तुम्ही तो जरा उशिरा देता, जरा वेगळा देता. दोन सुरांच्या मधे एक फट पडते. मी तिला ओळखफट म्हणते. फट फार बारीक असली तर माणूस कंटाळतो, फार रुंद झाली तर चिडतो. आणि नेमकी साधली, तर अंगावर काटा येतो. सुरजोड ती फट मोजतो, आणि वाजवणाऱ्याची चुकली तर दुरुस्त करतो."

लग्नसराई संपली होती. रिकाम्या मंगल कार्यालयात सतरंज्या भिंतींना टांगून ध्वनिमुद्रण झालं. त्या दिवशी दोन गोष्टी घडल्या. दोन्ही तेव्हा क्षुल्लक वाटल्या.

पहिली अशी, की मास्तरांना खोकला झाला होता. क्लॅरिनेटवर मुख्य चाल त्यांची. पण दम पुरेना, तान लडखडू लागली. सुरजोडवर लाल दिवा लागला. यंत्रानं हिशेब केला आणि क्लॅरिनेटची सगळी ओळ काढून रसूलच्या ट्रम्पेटवर टाकली. मास्तर खट्टू झाले. पण बाजूला बसून ऐकलं, तेव्हा त्यांच्याही अंगावर काटा आला.

दुसरी गोष्ट तिटेची. मास्तरांचे गुरू गैबीउस्ताद यांचा एक दंडक होता. दुसऱ्याचं गाणं वाजवताना एक सूर मुद्दाम चुकवायचा. सबंध गाण्यात एकदाच, पण ऐकणाऱ्याला खटकेल असा. देखण्या लेकराच्या गालाला आई काजळ लावते, तशी ही गाण्याची तीट. वरातीतला एखादा जाणकार तोंड वाकडं करायचा, तेव्हा उस्ताद खूष व्हायचे. रसूलनं सवयीनं दुसऱ्या कडव्याच्या शेवटी कोमल निषादाच्या जागी शुद्ध निषाद फुंकला. लाल दिवा लागला.

"इथं घसरलं वाटतं," वेदांगीबाई म्हणाल्या. "दुरुस्त करू?"

"घसरलं न्हाई, मॅडम. ती तीट हाय," रसूल म्हणाला.

मास्तरांना एकदम लाज वाटली. एवढी शिकलेली बाई, समोर एवढं यंत्र, आणि आपण दृष्ट लागण्याच्या गोष्टी सांगायच्या? त्यांनी रसूलला डोळ्यांनीच गप्प केलं.

"चूकच हाय ती. काढून टाका," ते म्हणाले.

हिरवा दिवा लागला. महिन्याभरात ते गाणं चार कोटी लोकांनी ऐकलं. रिक्षात वाजलं, रसवंतीगृहात वाजलं, गावोगावच्या बँडांनी त्याचीच नक्कल सुरू केली. मूळ गाणारी बाई हयात होती. तिनं मुलाखतीत सांगितलं, की माझ्यापेक्षा तुमचं बरं झालंय. लोकांनी तिच्या मनाच्या मोठेपणाचं कौतुक केलं. खरं कारण कुणाच्या ध्यानात आलं नाही.

गेल्याच आठवड्यात निवृत्त कंडक्टर शिदू हसबे मास्तरांकडं येऊन बसला होता. "मास्तर, एक सांगू का? ते गाणं लागलं की माझी मालन दिसायची. जाऊन नऊ वर्षं झाली, पण गाणं लागलं की बरोब्बर गाडीच्या शिडीवर उभी, पेटी टपावर ढकलत, माझ्याकडं बघून हसायलीय. आता गाणं लागतंय, अन् शिडीवर तुमचा बँड दिसतोय. टोप्या, झालरी, सगळं."

मास्तरांना ती तारीफ वाटली. त्यांनी हसब्याला आग्रहानं चहा पाजला होता.

आता सोमवारचा तो चहा त्यांनी न पिताच खाली ठेवला. ते स्वयंपाकघरात गेले आणि सहज विचारल्यासारखं म्हणाले, "सुले, आपली पहिली भेट कुठं झाली गं?"

त्या रात्रंदिवस ही गोष्ट सांगायच्या. सुनेला, भाजीवालीला, नको म्हणणाऱ्यालाही. विट्याच्या एस्टी स्टँडवर कँटीनच्या कर्ण्यावर 'टपावरची पेटी' लागलं होतं, लग्न वाजवून परतणारी बँडवाली पोरं गाडीची वाट बघत होती, त्यातल्या एकानं पेटीतून क्लॅरिनेट काढून कर्ण्याबरोबर सूर धरला, आणि मावशीबरोबर बसलेली सुला फिस्सकन हसली.

सुलाबाई लाजल्या. लाटणं थांबवून म्हणाल्या, "स्टँडवर. गाणं लागलं होतं. आणि रसूलभावजींनी असा काही ट्रम्पेट धरला म्हणून सांगू! मी बघतच ऱ्हायले." मग जरा थांबून, आदरानं, "तुमीबी होतासा का हो तिथं, मास्तर?"

तेवढ्यात रसूल स्वतःच दारात उभा राहिला. रोजच्या तालमीला बोलवायला आला होता. "काय वहिनी, आज पोळ्या का भाकरी?" त्यानं नेहमीसारखं विचारलं. सुलाबाईंनी त्याच्याकडं पाहिलं, आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत मान खाली घातली.

रसूल पन्नास वर्षांत कुणाला भ्यायला नव्हता. एकदा उधळलेला वरातीचा घोडा त्यानं ट्रम्पेट वाजवत अडवला होता, असं तो सांगायचा, आणि ते निम्मं तरी खरं होतं. तोच रसूल दोन पावलं मागं सरकला.

"दौल्या," तो कुजबुजला, "वहिनी माझ्याकडं अशी का बघायलीय रं?"

"ती कुणाकडं बघतीया ते तिलाच ठावं न्हाई," मास्तर म्हणाले. "टिपणीसबाईंना फोन लाव."

दुपारच्या विजेच्या एस्टीनं वेदांगीबाई उतरल्या. त्यांनी सुलाबाईंना तासभर प्रश्न विचारले. पोराचं लग्न आठवत होतं. नवरा म्हणून शेजारी कोण उभं होतं ते आठवत नव्हतं. घर आठवत होतं, पण मास्तर त्या घरात भाड्यानं राहत असावेत, असा त्यांचा समज होता. सकाळपासून दुपारपर्यंत त्यांच्या आठवणीतून आणखी तीन वर्षं गेली होती. एकेक गाठ सुटत होती, विणकामाचा धागा ओढल्यासारखी.

वेदांगीबाई ओसरीवर येऊन बसल्या.

"आठवण म्हणजे कपाटात ठेवलेला फोटो नव्हे, मास्तर. ती मातीसारखी असते. आठवली की ओली होते. पाच-सहा तास ओली राहते आणि मग पुन्हा वाळते. ओली असताना तिच्यावर जे उमटेल, ते पक्कं होतं. ओळखीचं गाणं लागलं की त्याच्याशी बांधलेल्या सगळ्या आठवणी ओल्या होतात."

"मग आमी जन्मभर लोकांची गाणी वाजवतोय. तवा कुणाचं काय गेलं न्हाई ते?" रसूल म्हणाला.

"तेव्हा मेंदूला कळत होतं, की हे ते नाही. हे दुसरं. तो दोन कप्पे करायचा. एकात मूळ, एकात तुमचं. पण सुरजोडनं फट इतकी नेमकी साधली, की दुसरा कप्पा करायला कारणच उरलं नाही. नवं जुन्यावर बसलं. आणि ह्या नव्यात क्लॅरिनेट नाहीच."

मास्तर सावकाश म्हणाले, "म्हंजे मी न्हाईच."

"हो." त्या जमिनीकडं बघत राहिल्या. "खटकणारी एक जागा जरी राहिली असती, तरी मेंदू अडखळला असता. दोन कप्पे झाले असते."

रसूल मास्तरांकडं बघत नव्हता. ती मेहेरबानी मास्तरांना शिवीसारखी लागली.

"माघारी घ्या की ते गाणं," शेवटी रसूल म्हणाला.

"कुठून? चार कोटी फोनांतून? आणि जे बँड नक्कल करताहेत, त्यांच्या तोंडातून?"

"मग तिला जुनंच ऐकवा. मूळ."

"ऐकवलं मघाशी. म्हणाल्या, ही कोण बाई आपल्या गाण्याची वाट लावतेय?"

रसूलनं टोपी हातात फिरवत विचारलं, "मॅडम, ते गाणं सगळ्यात जास्ती तुमीच ऐकलंय. हजारदा तरी. तुमचं काय गेलं?"

"ते मला कसं कळणार?" वेदांगीबाई म्हणाल्या.

आत सुलाबाई गुणगुणत होत्या. दुसऱ्या कडव्याचा शेवट स्वच्छ, बिनडाग, निघून गेला.

उपाय एकच होता, आणि त्याचीच भीती जास्त होती. त्याच स्टँडवर, सुलाबाईंची आठवण ओली करून, तेच गाणं समोरासमोर वाजवायचं. क्लॅरिनेटवर आणि तिटेसकट. मेंदू अडखळेल, दुसरा कप्पा करेल, आणि त्या कप्प्यात मास्तर असतील.

"पण ती पहिली भेट परत येणार नाही," वेदांगीबाईंनी बजावलं. "ती गेली. उद्या दुपारी स्टँडवर जे असेल, तेच तिच्या जागी बसेल. तुमच्या भेटीचंही आपण पुन्हा वाजवलेलं गाणंच करणार आहोत. आणि ऐकणारे सगळेच ओले होतील. तुम्हीसुद्धा."

"न्हाई वाजवलं तर?"

"उद्यापर्यंत त्या तुम्हाला मास्तरही म्हणणार नाहीत."

मंगळवारी बाराच्या उन्हात नवजीवन बँड पूर्ण गणवेशात स्टँडवर उभा राहिला. कुणाचं लग्न, म्हणून प्रवासी नवरदेव शोधू लागले. कँटीनवाल्यानं कर्णा बंद केला. सुलाबाईंना बाकावर बसवलं होतं. समोर उभा असलेला पांढऱ्या केसांचा, काळी नळी हातात धरलेला माणूस कोण, हे त्यांना आता अजिबात ठाऊक नव्हतं. त्या रसूलच्या ओळखीवर आल्या होत्या. एका हातात सुरजोडचा डबा धरून वेदांगीबाईंनी फोनवर एकदा ते ध्वनिमुद्रण लावलं. सुलाबाईंचे डोळे ओलावले. मग बाईंनी मान हलवली.

मास्तरांनी फुंकर मारली. पहिलं कडवं जरा खरखरत गेलं. सुलाबाई रसूलकडंच बघत होत्या, आणि रसूल ट्रम्पेट काखेत मारून त्यांच्याकडं पाठ करून उभा होता. दुसरं कडवं संपत आलं. मास्तरांनी डोळे मिटले आणि सगळा जीव लावून तो एक सूर चुकवला.

साऱ्या स्टँडनं तोंड वाकडं केलं. काकडीवाला "अरारारा" म्हणाला. सुलाबाईंनी चिमटा बसल्यासारखी मान वळवली, त्या माणसाकडं टक लावून पाहिलं, आणि फिस्सकन हसल्या.

"अहो, चुकलासा की!"

मास्तर मटकन बाकावर बसले. रसूल तोंड फिरवून नाक शिंकरू लागला. झांजवाल्यानं उगाचच झांज वाजवली.

"अहो, रडायला काय झालं? एक सूर तर चुकला," सुलाबाई म्हणाल्या. मग त्यांना उत्साह आला. "पहिल्यांदा भेटलो तवाबी असंच चुकला होतासा. मला सगळं दिसतंय. हितंच बसले होते मी. तुमी असे समोर, केस पांढरे फेक, रसूलभावजी पाठ करून उभे, आणि ह्या बाई हातात डबा घेऊन..."

रसूल हसायला गेला आणि अर्ध्यावर थांबला. तेव्हा मास्तर तेवीस वर्षांचे होते. वेदांगीबाई तर जेमतेम चालायला शिकल्या असतील.

असू दे, मास्तरांनी मनाशी म्हटलं. तिच्यातली खरी आठवण गेली, पण माझ्यात आहे. मी जपेन. त्यांनी डोळे मिटून तो जुना दिवस समोर आणला. स्टँड आला, बाक आला. बाकावर सुला होती, तिचे केस पांढरे होते, आणि तिच्यामागं एक बाई डबा घेऊन उभी होती. मास्तरांनी डोळे उघडले. पुन्हा मिटले. तेच.

"किती वेळ?" त्यांनी वेदांगीबाईंना हळूच विचारलं.

"संध्याकाळपर्यंत सगळं ओलं राहील. आता काहीही उमटू देऊ नका. लगेच घरी न्या त्यांना."

पण सुलाबाईंनी त्यांची बाही धरली होती. "अहो, एक मात्र आठवंना. गाणं संपल्यावर तुमी माझ्याजवळ आलासा आणि कायतरी म्हणालासा. एकच वाक्य. त्या वाक्यावर तर मी मावशीचं न ऐकता हो म्हणाले. काय म्हणाला होतासा वो?"

मास्तरांनी आठवायचा प्रयत्न केला. तिथं वाक्य नव्हतं, वाक्याची जागासुद्धा नव्हती. त्यांनी रसूलकडं पाहिलं. रसूलनं मान हलवली. त्यालाही फक्त आजचीच दुपार दिसत होती.

फाटकातून खानापूरची गाडी आत वळली. ड्रायव्हरनं आवाज पूर्ण सोडला होता. 'टपावरची पेटी', ट्रम्पेटवर. सुरजोडनं साधलेली, कुठं म्हणून डाग नसलेली चाल फलाटावरून पसरत आली. सुलाबाईंची मान तालात हलू लागली. बाही धरलेली त्यांची बोटं सैल झाली, आणि नजर मास्तरांच्या चेहऱ्यावरून निसटून रसूलच्या हातातल्या पितळेकडं सरकू लागली.

मास्तरांनी दोन्ही हातांनी तिचा चेहरा आपल्याकडं वळवला. आता ते जे बोलतील, तेच तेहतीस वर्षांपूर्वी घडलेलं ठरणार होतं. तिच्यासाठी आणि त्यांच्यासाठीही. खरं आठवत नव्हतं, आणि नवं रचायला गाडी जवळ येईपर्यंतचाच वेळ होता. एका वाक्यात सबंध संसार उभा राहील, असं कोणतं वाक्य बोलावं माणसानं?